कुल्च

फादर म्हणाले, देवळाची स्मरणिका काढतोय.
शंभरी केव्हाच उलटली, कुणाच्या लक्षातच नाही.
दोन पानं इतिहास लिहा, टीचर, लांबण नको.
म्हणून पुरात भिजलेली वही
टाल्कम पावडर शिंपडत, लोणी लावायच्या सुरीनं
पान पान सोडवत बसले आहे.

पहिली चार पानं मला वाचता येत नाहीत.
अक्षरांवर टिंबं, टिंबांच्या जागी कधी तिरक्या रेघा.
हंगेरीहून आलेली चार कुटुंबं,
विश्वामित्रीकाठच्या काचकारखान्यात
भट्टीशी उभं राहून बाटल्या फुंकायला.
उवेगेश मार्तोन. बोदनार इलोना.
आडनाव आधी, नाव मागून.
दरबारच्या कारकुनाला त्यात वावगं वाटलं नाही,
आपल्या हजेरीपटात तरी दुसरं काय असतं?
फक्त चोरबा यानोशपुढे
त्यानं मोडीत शेरा मारलाय: चोर नव्हे.

विटा दरबारच्या, चुना उधारीचा.
रंगीत काचेला पैसे नव्हते
तेव्हा फुटक्या बाटल्यांची बुडं कापून
खिडकीत बसवली, एकशे सदतीस.
मी मोजलीत, लांबलेल्या प्रवचनांत.
अजून आठच्या मिस्साला
बायकांच्या पदरांवर हिरवे रुपये पडतात.

मग एक पान, ज्यावर नुसती तारीख.
महायुद्ध. ऑस्ट्रियाच्या बादशहाची प्रजा
ती रातोरात शत्रू झाली.
शिपायांनी अर्धा तास दिला.
इलोनानं दोरीवरचे ओले कपडे
तसेच गाठोड्यात कोंबले.
मार्तोननं देवळाला कुलूप घातलं
आणि सवयीनं किल्ली खिशात टाकली.

सवयीनं. दुसरं कारण शोधलं, मिळालं नाही.

पुरुषांना नगरच्या छावणीत नेलं.
बायकामुलांना कुठं, ते वहीत नाही.

मागं उरले बँडातले गोंयकार.
सांतान कुलासो, कॉर्नेटवाला,
आता वही त्याच्या हातात.
मुंबईचा पाद्री तीन महिन्यांनी यायचा,
पायरीवर चादर अंथरून मिस्सा म्हणायचा.
सतरा बाप्तिस्मे. प्रत्येकापुढे: पायरीवर.
एक लग्न, भर जूनमध्ये, छत्रीखाली.
कुलूप तोडू या, असं कुणीतरी म्हणालं असणारच,
कारण एका समासात सांतान लिहितो:
मालक परत आला तर काय सांगायचं?

मालक आला नाही.
नगरात तापाची साथ आली
आणि छावणीच्या धोबीखान्यात
माझे पणजोबा होते, लाजरस वाघचौरे.
मार्तोननं त्यांच्या मुठीत किल्ली कोंबली,
म्हणाला, कुल्च. कुल्च. बरोडा.
पणजोबांना वाटलं, बिचारा कुलूप म्हणतोय.
त्याच्या भाषेत कुल्च म्हणजे किल्ली.
चुकले ते एवढंच.

बडोदं कुठल्या दिशेला, हेही ठाऊक नव्हतं.
तीन गाड्या बदलल्या, सोबत राहेल पणजी
आणि तिची पितळी कळशी.
किल्ली फिरेना. खोबरेल झालं, रॉकेल झालं.
शेवटी सांताननं कॉर्नेटच्या खटक्यांचं तेल ओतलं.

आत बाकावर मार्तोनची टोपी.
टोपीत खारीची तीन पिल्लं.
पणजी म्हणाली, आज राहू दे,
आणि त्या रविवारीही मिस्सा
पायरीवरच झाला.

आम्ही बडोद्याचे झालो ते असे.
घरात सांगायचे, गिरणीत नोकरी लागली म्हणून.

पहिल्या चार पानांचे फोटो
फादरांच्या ओळखीनं बुडापेस्टला पाठवले होते.
काल उत्तर आलं.
मला वाटत होतं, प्रार्थना असेल, निदान नवस.
चुना, बाकी. खिळे, बाकी. साखर, दोन शेर, बाकी.
एक बकरी, अर्धे पैसे दिले.

पंधरा ऑगस्टला मारियेचा सण आणि झेंडा एकदमच.
नंतर सगळे सेव-उसळ खायला जातील,
सांतानचा पणतू तीच किल्ली फिरवून दार लावेल,
त्याला चावी म्हणेल.

दोन पानं भरली, फादर.
बकरीचा हिशेब तिसऱ्यावर घेतलाय.